बाप मुंबईला असतो

परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ हा चित्रपट १४ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे बालदिनाचा मुहूर्त साधून, प्रदर्शित झाला आणि त्याच आठवड्यात मी आईला घेऊन तो पाहायला गेलो. आई सहसा सिनेमाला येत नाही. पण नावात एकादशी आहे आणि सगळी गोष्ट पंढरपुरात घडते एवढं कळल्यावर तिनं आपण होऊन ठेवणीतलं लुगडं काढलं. पडद्यावर पंढरपूर दिसलं तसे तिनं खुर्चीतूनच हात जोडले. पुढं अर्धा-पाऊण तास पोरांच्या करामती बघून ती पदराआड खुदुखुदु हसत होती. आणि हसता हसता एकदम माझ्याकडे वळून, आजूबाजूच्या चार खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाप मेलेला हाय म्हून बरं चाललंय पोराचं. मेलेलं मानूस चुकत न्हाई.”

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागं वळून बघितलं. मी अंधारात तोंड लपवलं. पण चित्रपट संपल्यावर आणि त्यानंतरही कित्येक दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं गेलं, बरंचसं चांगलंही लिहिलं गेलं. पण आईनं ज्या ठिकाणी बोट ठेवलं तिथं कुणी ठेवल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पंढरपुरात ज्ञानेश नावाचा शाळकरी मुलगा राहतो. घरात आई, आजी आणि धाकटी बहीण मुक्ता. वडील वारलेले. त्यांनी भंगारातून जमवलेल्या सामानाची एक सायकल पोरासाठी बनवली होती. तिचं नाव एलिझाबेथ. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात, यंत्र जप्त होतं, ते सोडवायला काही हजार रुपये लागणार असतात आणि घरात विकण्याजोगी वस्तू एकच उरते, ती एलिझाबेथ. तेव्हा ऐन कार्तिकीच्या यात्रेत, शाळेला चुना लावून, ही चिल्लीपिल्ली बांगड्यांचं दुकान मांडतात. कथा मधुगंधा कुलकर्णींची. गोष्ट म्हटली तर एवढीच. पण यात्रेतली ती घासाघीस, गिऱ्हाईक पटवण्याच्या क्लृप्त्या, हिशेबातली भांडणं आणि मोठ्या माणसांची चाहूल लागताच उडणारी पळापळ यांत प्रेक्षक असा गुंतून जातो, की आपण एका विधवेच्या घरावरची जप्ती बघतो आहोत हे विसरायला होतं. विनोदाचं खरं काम हेच असतं.

या घरातला बाप पडद्यावर जवळजवळ नाही. तरी सगळ्यांत जास्त जागा त्यानंच व्यापली आहे. सायकल त्याची, नावं त्यानं ठेवलेली. पोराच्या डोक्यात न्यूटन बसलाय तोही वडिलांमुळे, आणि पंढरपूरचं पोर असल्यामुळे त्याच्या लेखी न्यूटन हा संतच आहे. आता यात एक गंमत आहे, ती लेखिकेनं जाणून केली की आपसूक झाली हे सांगता येणार नाही. न्यूटनचे वडील तो जन्मायच्या आधीच, १६४२ साली वारले होते, आणि आईनं दुसरं लग्न केल्यावर त्याला आजीनं वाढवलं. म्हणजे हे संत न्यूटनही आमच्या ज्ञानेशच्याच आळीतले.

आणि ज्ञानेश-मुक्ता ही नावं? मराठी माणसाला यात वेगळं सांगायला नको. विठ्ठलपंतांची कथा आपण देवादिकांची म्हणून ऐकतो, म्हणून तिच्यातला घरगुती पेच ध्यानात येत नाही. बायकोला आळंदीत सोडून हा गृहस्थ काशीला जाऊन संन्यास घेतो. गुरूंना खरी हकिगत कळते, तेव्हा ते त्याला परत पाठवतात. तो येतो, संसार मांडतो, चार मुलं होतात. आणि मग संन्याशाची पोरं म्हणून गाव त्या चौघांना वाळीत टाकतं. अखेर आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेतात आणि शुद्धिपत्र मागायला पोरं पैठणला चालत जातात. महाराष्ट्रातला सर्वांत प्रसिद्ध गैरहजर बाप हा असा जाऊन परत आलेला बाप आहे. त्याच्या जाण्यानं फारसं बिघडलं नव्हतं, परत येण्यानं सगळं झालं. ही गोष्ट पुढं लागेल म्हणून इथं सांगून ठेवतो.

मोकाशींचा आधीचा चित्रपट ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाशेजारी ठेवून बघावा असं मला वाटतं. तिथं दादासाहेब फाळके हा एका कल्पनेनं झपाटलेला बाप घरात हजर आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या पायी तो घरातली चीजवस्तू विकतो, बायकोचे दागिने मोडतो आणि पोरं त्या सगळ्या धांदलीत खूष असतात. ‘एलिझाबेथ’मध्ये तसाच खटपट्या बाप निघून गेलेला आहे आणि आता त्याची वस्तू विकून घर वाचवायची पाळी बाकीच्यांवर आली आहे. जणू एकाच घराचे दोन अंक. फाळक्यांच्या घरात बाप हसवतो. इथं हसवायचं कामही पोरांनाच करावं लागतं. डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्हज’मध्ये (१९४८) सायकल गेलेली असते आणि बाप-लेक मिळून तिचा शोध घेत रोमभर हिंडतात. त्यात शेवटी बाप पोराच्या डोळ्यांदेखत चुकतो, आणि ते बघवत नाही. पंढरपुरात सायकल आहे, बाप नाही. म्हणून तो चुकायचा प्रश्नच नाही. आई म्हणाली ते हेच.

बासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘एलिझाबेथ एकादशी’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला, पण तो एकट्याला नाही; ‘काका मुट्टै’ या तमिळ चित्रपटाबरोबर विभागून. त्यात चेन्नईच्या झोपडपट्टीतले दोघे भाऊ पिझ्झा खायचं स्वप्न बघतात आणि त्यांचा बाप तुरुंगात असतो. (मराठीत तो २०१६ साली ‘हाफ तिकीट’ म्हणून आला.) त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो अविनाश अरुणचा ‘किल्ला’. त्यातल्या चिन्मयचे वडील वारलेले, आई सरकारी नोकरीतली, तिच्या बदलीपायी पुणं सोडून तो कोकणात आलेला. म्हणजे एका वर्षात गौरवलेल्या पोरांच्या तीन चित्रपटांपैकी तिन्हींत बाप घरी नाही. पुरस्कार समितीनं ठरवून काही हे केलं नसणार. बाप दाराशी बसलेला असला की पोरांना उंडारता येत नाही, हे साधं पटकथेचं गणितही त्यात आहे. पण त्यातही फरक आहेत. ‘किल्ला’तला बाप काही मागं ठेवून गेलेला नाही, नुसती शांतता ठेवून गेला आहे, त्यामुळे तिथं हसू येतं ते बंड्यासारख्या वात्रट मित्राकडून, आणि ते चिन्मयच्या आत पोचायला बराच वेळ लागतो. चित्रपट म्हणून मला तो अधिक खोल वाटतो. पण परत परत बघावासा वाटतो तो ‘एलिझाबेथ’च.

तमिळ चित्रपटातला बाप मात्र जिवंत आहे. त्याला सोडवण्यासाठी आई पै-पै जमवते आणि ती सगळी वकिलाच्या घशात जाते. मेलेल्या बापापेक्षा जिवंत पण लांब असलेला बाप हा जास्त अवघड विषय आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त विनोदीही. आमच्या वाईच्या बाजूला हाच बाप घरोघर होता.

वाईला सिनेमा नवा नाही. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा यांच्यावर कॅमेऱ्यांची कधीचीच नजर आहे. २००३ च्या ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये मेणवली उत्तरेकडचं चरणपूर झाली, २०१० च्या ‘दबंग’मध्ये आम्ही उत्तर प्रदेशात गेलो. आमच्याकडची माणसं गर्दीत उभी राहून बिहारी, भोजपुरी सगळं झाली. पण वाईनं वाई म्हणून पडद्यावर यावं, आणि इथल्या पोरांची गोष्ट सांगावी, हे क्वचितच घडलं. ती गोष्ट अशी आहे.

वाई, जावळी, पाटण या भागांतल्या डोंगराकडेच्या गावांत माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, कर्ता पुरुष दिसायचा तो वर्षातून दोनदा. एकदा गावच्या जत्रेला, एकदा दिवाळीला किंवा गणपतीला. एरवी तो मुंबईत. गिरणीत, गोदीत, नाहीतर माथाडी म्हणून बाजारात. उरलेले पलटणीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर नावापुढं ‘मिलिटरी’च लागलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तेव्हा ‘बाप काय करतो’ या मास्तरांच्या प्रश्नाला आमच्याकडे दोनच उत्तरं होती. “मुंबैला असत्यात” आणि “मिल्ट्रीत असत्यात”. काय करतात, हे मास्तरही पुढं विचारत नसत. ‘असतात’ एवढंच पुरेसं होतं.

आमचे आण्णा परळच्या बाजूला एका गिरणीत साचेखात्यात होते. गावाची खोली होती. एका खोलीत गावची वीस-पंचवीस माणसं, ज्याची त्याची ट्रंक भिंतीला, आणि पाळीप्रमाणे झोपायचं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच्या जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. हे सगळं मला फार नंतर कळलं. लहानपणी आण्णा म्हणजे महिन्याच्या दहा-बारा तारखेला येणारी मनीऑर्डर आणि तिच्या खालचं कुपन. पैसे आईकडे जायचे, कुपन माझ्याकडे. त्या दोन बोटं जागेत आण्णांचं अक्षर असायचं: सर्व क्षेम, पोरांना अभ्यासाला बसवणे, म्हशीकडे लक्ष देणे, पैसे पोचल्याचे कळवणे. शेवटचं वाक्य कधी चुकलं नाही. मी ती कुपनं एका पत्र्याच्या डब्यात जमवली होती. ज्ञानेशची एलिझाबेथ ती माझी कुपनं, असं आता म्हणायला हरकत नाही.

एवढ्याशा मजकुरावर संपूर्ण बाप उभा करायचा, तर पदरचं बरंच घालावं लागतं. संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर आमची बैठक बसायची आणि तिथं बापांची चढाओढ चालायची. “आमचं आण्णा दारासिंगाच्या शेजारी ऱ्हात्यात” हे माझं. त्यावर एकाच्या वडिलांनी समुद्रात बुडणारी बोट दोरानं ओढून काढलेली. दुसऱ्याचे वडील राणीच्या बागेत वाघाला खायला घालत. पलटणीतल्या बापाचा पोरगा मात्र गप्प असायचा आणि सगळ्यांचं संपल्यावर फक्त एवढंच म्हणायचा, “आमच्या आबांकडं बंदूक हाय.” तिथं सभा बरखास्त. खोटं सगळेच बोलत होते आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण दुसऱ्याचं खोटं उघडं पाडलं तर आपलंही पडेल, हा करार कुणी न सांगता सगळे पाळत. यात्रेत बांगड्या विकताना पडद्यावरची पोरं ज्या सफाईनं थापा मारतात, ती बघताना मला तो पूल दिसत होता.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांनी पुकारलेला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप पुढं कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरणगावाचं काय झालं ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’सारख्या नाटकात आलं आहे, ‘लालबाग परळ’सारख्या चित्रपटातही. पण त्या गोष्टीचं दुसरं टोक आमच्याकडे होतं. त्या वर्षी गावोगाव बाप परत आले. पहिल्यांदा वाटलं, जत्रेला लवकर आले. जत्रा झाली, पाव्हणेरावळे पांगले, तरी आण्णांची ट्रंक उंबऱ्याच्या आतच. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

यानंतर जे झालं त्यावर जर कुणी चित्रपट काढला तर लोक हसून हसून बेजार होतील. आमचा कुत्रा आण्णांवर पंधरा दिवस भुंकत होता. म्हैस त्यांना हात लावू देत नव्हती. त्यांनी कासेला हात घातला की दूध चोरायची. ते मला “कितवीला आहेस रं तू?” असं दर चार दिवसांनी विचारत आणि मी दर वेळी सांगत असे. जेवण झालं की सवयीनं उठून आपलं ताट आपण घासत. आई शरमेनं लाल होऊन ते हिसकावून घ्यायची, कारण सोप्यावरून शेजारणीला दिसायचं. काही विकत आणायचं तर आई त्यांना न विचारता मला पैसे देऊन पाठवायची, आणि मग दोघांनाही ते आठवायचं. रात्री घर एवढं मोकळं असताना ते भिंतीला खेटून, हातभर पट्टीत, अंग चोरून झोपत. मध्यरात्री दीडला उठून बसत. पाळी सुटायची वेळ.

पुलावरची सभा बंद पडली ती कायमची. दारासिंगाचे शेजारी आता चावडीपाशी दिवसभर बसलेले दिसत. बोट ओढणारा बाप दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाई, तोही बायकांबरोबर. कुणीच कुणाला चिडवलं नाही, एवढं आम्हा पोरांच्या बाजूनं सांगायला हवं. त्या दिवाळीच्या सुमारास आईनं तांब्याचा मोठा हंडा वाईत नेऊन मोडीत घातला. मी बरोबर होतो. चित्रपटात विणकामाचं यंत्र घरातून नेतात, त्या वेळी आई माझ्या शेजारी हसायची थांबली होती. ते मी अंधारातही बघितलं.

मी आण्णांवर चिडून होतो. त्यांनी काही केलं नव्हतं, म्हणूनच. कुपनातले आण्णा अभ्यासाला बसवा म्हणत. घरातल्या आण्णांनी माझी वही उलटीसुलटी करून परत ठेवली, कारण सातवीचं गणित त्यांना येत नव्हतं. एकदा मी भांडणात त्यांना म्हणालो होतो, “तुमी मुंबैला होतासा त्येच बरं हुतं.” ते काही बोलले नाहीत. आईनं मात्र त्या रात्री मला जेवायला वाढलं नाही. ‘एलिझाबेथ’मधल्या ज्ञानेशला हे वाक्य कधी बोलावं लागणार नाही. त्याचा बाप कायम सायकल बनवत राहील.

तसा चित्रपट मराठीत निघावा असं मला फार वाटतं. मेलेल्या बापाचा नको, ते आपल्याला जमतं आणि छानही जमतं. परत आलेल्याचा. वाईतच चित्रण करावं. घाट आहे, वाडे आहेत आणि इथल्या लोकांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय आहे. फक्त या वेळी भोजपुरी बोलायला लावू नये.

पुढं दीडेक वर्षानं आण्णांना वाईत एका ठिकाणी रातपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. पगार मुंबईच्या मानानं चिमूटभर. पण संध्याकाळी डबा घेऊन ते सायकलवरून निघाले, की घरात सगळ्यांनाच हायसं वाटायचं, त्यांना सगळ्यांत जास्त. दिवसा ते झोपलेले असत, त्यामुळे आमचंही वागणं सुधारलं. झोपलेल्या बापाशी कुणाचं भांडण होत नाही. पहिला पगार झाला त्या सकाळी ते घरी आले, सदऱ्याच्या खिशातून नोटा काढून आईपुढं चुलीजवळ ठेवल्या आणि नेहमीसारखे काही न बोलता बाजूला उभे राहिले. आईनं हात पुसले, नोटा दोनदा मोजल्या, कमरेला खोवल्या आणि भाकरी उलटता उलटता, वर न बघता म्हणाली,

“पोचलं.”

आण्णा हसले. आधी थोडं, मग धाप लागेपर्यंत.